साथीच्या लाटेचं गणित मांडणारा डॉक्टर: अँडरसन मॅकेन्ड्रिक

२०२१ मध्ये जालन्यात घरून काम करताना मी दिवसातून दहा वेळा फोनवर कोविडचा आलेख बघायचो. लाट वर जाते, मग खाली येते. पण खाली का येते? याचं उत्तर शोधताना मला मॅकेन्ड्रिक सापडले.

त्यांचा जन्म १८७६ चा, एडिंबरामधला. ग्लासगोत डॉक्टर होऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भरती झाले. १९०१ मध्ये ते रोनाल्ड रॉस यांच्यासोबत सिएरा लिओनला गेले. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे हेच रॉस. त्यांना गणिताचं वेड होतं आणि मॅकेन्ड्रिकही त्याच वाटेला लागले. पुढे भारतात कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केलं. आजारपणामुळे १९२० मध्ये ते एडिंबराला परतले. तिथे त्यांना जोडीदार मिळाले विल्यम केरमॅक, १९२४ च्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ.

१९२७ मध्ये दोघांनी एक मॉडेल मांडलं. लोकांचे तीन गट करा: लागण होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. प्रत्येक गट किती वेगाने बदलतो, हे एक डिफरन्शियल इक्वेशन सांगतं. आज याचा कोड वीसेक ओळींत बसतो. निष्कर्ष असा, की साथ थांबायला सगळ्यांनी आजारी पडावं लागत नाही. पहिला गट एका मर्यादेखाली गेला की ती ओसरते.

ताळा बघायला त्यांनी आकडे घेतले आपल्या मुंबईचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले प्लेगचे मृत्यू. वक्ररेषा आकड्यांवर मस्त बसली!

पण इथेच गोम आहे. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, आणि मुंबईत तो मोसमानुसार पुन्हा पुन्हा यायचा. मॉडेलमध्ये मोसमही नव्हता आणि उंदीरही नव्हते. ही मर्यादा लेखकांनी स्वतःच नोंदवली होती. म्हणजे आलेख जुळला, तरी कारण बरोबर असेलच असं नाही. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

१९३२-३३ मध्ये त्यांनी जन्मही गणितात आणले. नवे जीव आले की लागण होऊ शकणारा गट पुन्हा भरतो. मग अशा समीकरणांत आजाऱ्यांची संख्या झोक्यासारखी खालीवर होऊ शकते.

वटवाघळांच्या वसाहतीत दर मोसमात पिल्लं येतात, म्हणजे झोका हलवायला कोणीतरी असतंच. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा मिळाल्या होत्या. एखाद्या वसाहतीत एकदा तपासून काही सापडलं नाही, तर झोका तेव्हा खाली असू शकतो.

मॅकेन्ड्रिक १९४३ मध्ये गेले. आमच्या गावच्या चिंचेवर आजही वटवाघळं लटकतात. झाड तोडायची गरज नाही. ती दुसऱ्या झाडावर जातील, एवढंच. पण त्यांनी उष्टावलेले पेरू मात्र मी आता आजीला उचलू देत नाही.