नारळाची बाग सोडली, पाली शिकायला लंका गाठली. धर्मानंद कोसंबींचा शेवट आपल्या सेवाग्रामात

सेवाग्राम (जि. वर्धा) : बापूंची कुटी पाहायला लोक देशभरातून येतात. आपण इथलेच, बाजाराला जाता-येता आश्रमाचा रस्ता रोजचा. पण याच आश्रमात जून १९४७ मध्ये एका म्हाताऱ्या पंडिताने अन्न सोडून देह ठेवला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. धर्मानंद कोसंबी त्यांचं नाव. बुद्धाचे जुने ग्रंथ ज्या पाली भाषेत आहेत, ती भाषा परदेशात जाऊन शिकून महाराष्ट्रात आणणारा हा माणूस. आणि शाळा म्हणाल तर माझ्यासारख्या बारावीवाल्यापेक्षाही कितीतरी कमी.

९ ऑक्टोबर १८७६ ला गोव्यातल्या सांखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं राज्य. घरची नारळाची बाग होती. शिक्षण थोडंफार मराठी झालं न झालं तोच थांबलं आणि पोरगं बागेच्या कामाला लागलं. त्या काळच्या रीतीने पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्नही उरकलं, बाळाबाईंशी. पण मन बागेत नव्हतं, पुस्तकात होतं. ‘बालबोध’ नावाचं पोरांसाठी निघणारं एक मराठी मासिक होतं. त्यात बुद्धाची गोष्ट आली होती, ती यांच्या हाती पडली. बस, तिथून जे डोक्यात बसलं ते शेवटपर्यंत निघालं नाही.

१८९९ च्या शेवटी त्यांनी घर सोडलं. घरात तरणी बायको आणि पाळण्यातली मुलगी माणिक. ही गोष्ट मला आजही खटकते. मोठ्या माणसांच्या चरित्रात असं एका ओळीत येऊन जातं, पण मागे राहिलेल्या बाळाबाईंनी ती वर्षं कशी काढली असतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही. कोसंबी परत आले, पण त्याला सहा-सात वर्षं लागली.

आधी पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ओळख झाली. पाली शिकायची तर आधी संस्कृत पाहिजे, म्हणून काशी गाठली. खिशात पैसा नाही, अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे शिकायचं. मग बुद्धधर्म जिवंत पाहायला नेपाळात गेले, पण जे दिसलं त्याने निराश झाले. बुद्धगयेला कळलं की खरी पाली शिकायची तर लंकेलाच जावं लागेल. १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात दाखल झाले. सुमंगलाचार्य तिथले मुख्य. त्यांच्याकडे श्रामणेर होऊन पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही जाऊन राहिले.

आता लंकेलाच का? बुद्ध फिरला आपल्या बिहार-उत्तर प्रदेशाकडे. पण त्याच्या उपदेशाचे पाली ग्रंथ, म्हणजे विनय, सुत्त आणि अभिधम्म मिळून झालेलं तिपिटक, आपल्या देशातून नाहीसे झाले होते. ते जपले लंका, ब्रह्मदेश, सयाम इथल्या भिक्खूंनी. शिवाय पालीला स्वतःची अशी वेगळी लिपी नाही. लंकेत ती सिंहली अक्षरांत लिहिलेली, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या, सयामात त्यांच्या. म्हणजे ग्रंथ आपल्या मातीतला आणि अक्षर मात्र आपल्याला एकही वाचता येत नाही, अशी गत. कोसंबी ती अक्षरं शिकले आणि पुढे ग्रंथ देवनागरीत आणले.

१९०६ पासून कलकत्त्यात पाली शिकवायची नोकरी मिळाली. विद्यापीठाने महिना अडीचशे रुपयांपर्यंत देऊ केले होते. पण त्यांना पाली महाराष्ट्रात न्यायची होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड म्हणाले की महाराष्ट्रात राहून काम करा, महिना पन्नास रुपये देतो. कोसंबींनी अडीचशे सोडून पन्नास घेतले. घरात बायको, दोन लेकरं. आपल्या गावात असा माणूस असता तर पारावर त्याला काय काय बोलले असते, ते सांगायला नको.

१९१० मध्ये अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने बोलावलं. ‘विसुद्धिमग्ग’ हा बुद्धघोषाचा पाचव्या शतकातला मोठा ग्रंथ. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने तो छापायला घेतला होता, पण ते १८९९ मध्येच वारले. अर्धवट काम कोसंबींच्या गळ्यात आलं. वेगवेगळ्या लिपीतल्या पोथ्या समोर ठेवायच्या, शब्द न् शब्द ताडून बघायचा, कुठल्या नकलाकाराने कुठे चूक केली ते हुडकायचं. धान्य निवडण्यासारखंच काम, फक्त सूप नाही, डोळे वापरायचे. पण पुस्तकावर श्रेय कोणाला द्यायचं यावरून तिथल्या प्रा. लॅनमन यांच्याशी वाजलं, आणि १९१२ मध्ये कोसंबी काम टाकून परत आले. पुढे याच कामासाठी आणखी तीनदा अमेरिकेला गेले. मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षं पाली शिकवली. पु. वि. बापट, ना. के. भागवत हे पुढचे पालीचे पंडित त्यांचेच विद्यार्थी.

शेतकऱ्याने वाचावी अशी त्यांची गोष्ट मात्र वेगळीच आहे. म्हातारा, रोगी, मेलेला माणूस आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप घरातून निघाला, असं आपण ऐकत आलो. कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ते तपासलं. जुन्या सुत्तांत त्यांना आढळलं की आईबाप समोर रडत असताना त्याने घर सोडलं. मग गुपचूप कसलं? आणि कारण? शाक्य आणि कोलिय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता, दोन्हीकडचे सोयरे हत्यार उचलायला निघालेले. सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताचा आधार घेऊन कोसंबींनी मांडलं की या मारामारीचा वीट येऊन तो निघाला. पुढे बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्येही रोहिणीच्या पाण्याचा वाद येतो. कॅनॉलच्या पाळीवरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले आपण पाहतो, त्यामुळे मला तरी ही गोष्ट चार दृश्यांपेक्षा जवळची वाटली. सगळ्या पंडितांना ती पटली असं नाही.

घरात बसून पोथ्या चाळणारे ते नव्हते. १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला शिकवून आले, १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजनविहार’ चालवला. मुलगा दामोदर मोठा गणिती आणि इतिहासकार झाला, डी. डी. कोसंबी म्हणतात ते हेच.

शेवटी शरीर थकलं, दुखणी वाढली. आपला आता कोणाला उपयोग नाही, उलट भारच, असं त्यांना वाटू लागलं. उपास करून देह ठेवायचं त्यांनी ठरवलं. आधी एकदा सुरू केला तेव्हा गांधीजींनी तो सोडायला लावला. मग सेवाग्रामला आले आणि इथे मात्र तो पुरा केला. गांधीजी तेव्हा दिल्लीत होते, प्रार्थनेच्या सभेत त्यांनी कोसंबींची आठवण काढली.

हार्वर्डचा तो ‘विसुद्धिमग्ग’ १९५० मध्ये छापून निघाला, कोसंबी जाऊन तीन वर्षं झाल्यावर. त्यावर वॉरन यांच्यासोबत त्यांचंही नाव आहे. देवनागरीतली आवृत्ती तर त्यांनी दहा वर्षं आधीच, १९४० मध्ये मुंबईतून काढली होती.