जनरलांची धाकटी लेक



मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक आई आम्हाला भेटायला थांबली. तिचा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. चौथीपर्यंत तो शाळेत सर्वांबरोबर रमला. पुढे अभ्यास वाढला, सोबतची मुले मोठी झाली आणि याला दुसरीकडे न्या, असे शाळेने सुचवले. आता तो घरीच असतो. त्याला निदान धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवू का, की मुले हसतील, असे तिने विचारले. पाठवा, असे आम्ही लगेच म्हणालो. पण नंतर वाटले, एवढे उत्तर पुरेसे नाही. येत्या २१ मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिन आहे. त्या निमित्ताने अशाच एका मुलीच्या वडिलांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

हे वडील म्हणजे फ्रान्सचे जनरल शार्ल द गॉल. जगाला ते सेनानी आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून ठाऊक आहेत. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९० रोजी लील शहरात एका श्रद्धाळू कॅथलिक कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. शार्ल सैन्यात गेले. पहिल्या महायुद्धात १९१६ साली व्हर्दूंच्या लढाईत ते जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. १९२१ च्या एप्रिलमध्ये कॅले येथील चर्चमध्ये इव्हॉन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फिलिप आणि एलिझाबेथ ही दोन मुले झाली. तिसरी मुलगी ॲन १ जानेवारी १९२८ रोजी जर्मनीतील ट्रियर येथे जन्मली. तेथे द गॉल फ्रेंच तुकडीचे प्रमुख होते.

ॲनला डाऊन सिंड्रोम होता. हे कशामुळे होते, ते त्या काळी कोणालाच माहीत नव्हते. लोक आईबापांना बोल लावत. अशा मुलांना एका मानववंशाचे नाव चिकटवून हिणवले जाई. बऱ्याच घरांत असे मूल दूरच्या संस्थेत ठेवून देत आणि पुढे त्याचे नावही काढत नसत. द गॉल पतिपत्नींनी ॲनला आपल्याजवळच ठेवायचे ठरवले. १९२९ मध्ये त्यांची बदली बैरूतला झाली, तेव्हा दीड-दोन वर्षांची ॲनही आईवडिलांबरोबर गेली. बदलीचा संसार कसा असतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यातले कष्ट समजतील.

ॲन उशिरा चालायला लागली. तिला फार थोडे शब्द बोलता येत. त्यात वडिलांना मारायची हाक होती. सैन्यात द गॉल अत्यंत करारी म्हणून प्रसिद्ध होते. घरीसुद्धा ते फार मोकळे होत नसत. मात्र ॲनपुढे हा सव्वासहा फुटांहून उंच माणूस वाकायचा. तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणायचा, तिच्याशी खेळायचा, तिचा हात धरून बागेत फेऱ्या मारायचा. १९३३ च्या उन्हाळ्यातले समुद्रकिनाऱ्यावरचे एक छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. त्यात कोट-टोपी घातलेले द गॉल खुर्चीत बसले आहेत आणि पाच वर्षांची ॲन त्यांच्या मांडीवर आहे. दोघे एकमेकांकडे पाहत आहेत.

१९३४ साली त्यांनी कोलोंबे नावाच्या लहानशा खेड्यात मोठी बाग असलेले घर घेतले. ॲनला मोकळेपणी वावरता यावे आणि लोकांच्या नजरा तिच्यावर पडू नयेत, हे घर घेण्याचे एक महत्त्वाचे कारण होते. तिची देखभाल करायला एक बाई कायम सोबत असे.

मग दुसरे महायुद्ध आले. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. १८ जूनला द गॉल यांनी लंडनच्या रेडिओवरून आपल्या देशवासीयांना लढा चालू ठेवण्याचे आवाहन केले. त्याच वेळी इव्हॉन तिन्ही मुलांना घेऊन ब्रेस्ट बंदरातून बोटीने इंग्लंडकडे निघाल्या होत्या. ॲन तेव्हा १२ वर्षांची होती. तिचे वाढीचे वय असे परक्या देशात, युद्धाच्या धामधुमीत गेले. लंडनजवळच्या घरी बॉम्बहल्ल्यांनी ती घाबरून जाई, म्हणून कुटुंब दूर श्रॉपशायर परगण्यात राहायला गेले. फिलिप नौदलात भरती झाला. एलिझाबेथ शिकायला गेली. ॲनसाठी कुठलीच शाळा नव्हती. तिचा वर्ग म्हणजे आईचे घर, आणि वडील परतले की त्यांचा हात. १९४३ मध्ये द गॉल अल्जिअर्सला गेले, तेव्हा इव्हॉन ॲनला घेऊन तेथेही गेल्या.

आमच्यानंतर हिचे कोण पाहील? असे मूल असलेल्या प्रत्येक आईबापाचा हा प्रश्न असतो. द गॉल दांपत्यालाही तो छळत होता. त्यांनी आपल्या लेकीपुरता विचार केला नाही. युद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, त्यांनी ॲनच्या नावाने एक संस्था सुरू केली. पॅरिसजवळ मिलाँ-ला-शापेल येथे एक जुना वाडा घेतला आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या गरीब घरच्या मुलींना तेथे आश्रय दिला. पुढे आपल्या युद्धस्मृतींच्या ग्रंथांचे मानधन द गॉल यांनी या संस्थेला दिले. ही संस्था आजही चालू आहे.

जानेवारी १९४६ मध्ये सत्ता सोडून द गॉल कोलोंबेला परतले. ॲनच्या वाट्याला फार दिवस उरले नव्हते. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी न्यूमोनियाने तिला देवाज्ञा झाली. ती २० वर्षांची होती. गावच्या दफनभूमीत तिला पुरले. चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, द गॉल यांनी आपल्या अंत्यविधीविषयी लिहून ठेवले. मला ॲनच्या कबरीत ठेवा, सरकारी इतमाम नको, असे त्यांनी बजावले. त्यानंतर ते पुन्हा सत्तेवर आले, जानेवारी १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. तरीही इच्छापत्र बदलले नाही. ९ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. जगभरचे नेते पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये जमले असताना, त्यांचा देह कोलोंबेमध्ये लेकीशेजारी विसावला. १९७९ साली इव्हॉनही तेथेच विसावल्या.

द गॉल राष्ट्राध्यक्ष झाले त्याच महिन्यात पॅरिसमधील जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युरपाँ यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. २१ व्या जोडीत एक जास्त असते. म्हणूनच २१ मार्च ही तारीख निवडली गेली. यात आईबापांचा काहीच दोष नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ॲनला जाऊन ११ वर्षे झाली होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मनुष्य म्हणजे विचारशील प्राणी, अशी व्याख्या आम्ही पाठ केली होती. परीक्षेत गुणही मिळाले. पण ज्याला गणित जमत नाही, वाक्य पुरे करता येत नाही, त्याचे माणूसपण कमी भरते का? संत थॉमस यांच्या शिकवणीत उत्तर आहे: माणूसपण आपल्या स्वभावात असते, ते बुद्धीच्या मार्कांवर ठरत नाही. आम्हाला हे पुस्तकातून कळले. द गॉल यांना ते मांडीवरच्या मुलीने शिकवले असावे.

तरीही या चरित्रातली एक गोष्ट आम्हाला टोचते. ॲनला घरात अपार माया मिळाली. पण ती माया बागेच्या कुंपणाआतच राहिली. वडिलांना तिला लोकांच्या नजरांपासून लपवावे लागले, कारण त्या नजरा वाईट होत्या. तिला शाळा नव्हती, बरोबरीच्या मैत्रिणी नव्हत्या. हा दोष आईबापांचा नाही, तो गावाचा, समाजाचा होता. आईबापांनी आपले काम केले. शेजाऱ्यांनी आपले केले नाही.

आज काळ बदलला आहे. फ्रान्समध्ये २००५ च्या कायद्याने अशा मुलाला जवळच्या शाळेत नाव घालण्याचा हक्क दिला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक अक्षमतेचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. औषधोपचारही सुधारले, डाऊन सिंड्रोम असलेली कितीतरी माणसे आता साठीपर्यंत जगतात. म्हणजे आज १४ वर्षांच्या मुलापुढे सारे आयुष्य पडले आहे. ते त्याने घरात बसून काढायचे का? पण कायदा फक्त शाळेचे दार उघडतो. बाकावर सरकून जागा द्यायची ती शेजारच्या मुलाने, आणि तसे त्याला शिकवायचे ते आपण.

म्हणून त्या माउलीला आमचे पुरे उत्तर असे. जूनपासून तुमचा मुलगा धर्मशिक्षणाच्या वर्गात बसेल, लहानांत नाही, आपल्याच वयाच्या मुलांत. शिक्षकांशी आम्ही बोललो आहोत. एक मोठा विद्यार्थी त्याच्या शेजारी बसायला तयार झाला आहे. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत किंवा शाळेच्या समितीवर आहेत, त्यांना आमची विनंती आहे की, असे मूल दाराशी आले तर नाही म्हणण्यापूर्वी एकदा त्याच्या आईजवळ बसा. आणि ज्या घरांत अशी मुले आहेत, त्यांनी मिस्सेला मागच्या बाकावर थांबू नये, पुढे यावे. मूल मध्येच मोठ्याने बोलले तर कोणी वळून पाहणार नाही, एवढी काळजी आपण सर्वांनी घेऊ या.

लेकरांना आपल्याजवळ येऊ देणारा प्रभू येशू आपल्या धर्मग्रामातील अशा प्रत्येक घराला धीर देवो, आणि शेजाऱ्यांना शहाणपण देवो. आमेन.

आपले धर्मगुरू