गुप्तरोगांवरचा पडदा सारणारा गणितज्ञ

‘गुप्तरोग’ हा मराठीतला शब्द मोठा बोलका आहे. क्षय म्हटले की झिजणे डोळ्यांपुढे येते, हिवताप म्हटले की थंडी वाजून येणारा ताप. गुप्तरोग या शब्दातून मात्र रोगाविषयी काहीच कळत नाही. तो लपवून ठेवायचा असतो, एवढेच कळते. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या रोगांना समाजाने दिलेले हे नाव म्हणजे समाजाची त्यांच्याविषयीची वृत्तीच होय. या वृत्तीविरुद्ध महाराष्ट्रात आयुष्यभर झगडलेला माणूस व्यवसायाने डॉक्टर नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई यांचे ते पुत्र. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, राधाबाईंचे बाळंतपणात निधन झाले. पुढे महर्षींनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल समाजाचा बहिष्कार सोसला. लोकनिंदा म्हणजे काय, हे या मुलाला घरातच पाहायला मिळाले. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये पदवी घेऊन रघुनाथरावांनी अध्यापनाचा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा अवगत झाल्यामुळे कामशास्त्रावरील युरोपातील लेखन त्यांना खुले झाले.

कर्व्यांच्या हयातीतच या रोगांचे शास्त्र उभे राहिले, हा योगायोग लक्षणीय आहे. त्यांच्या जन्माआधी तीन वर्षे, १८७९ मध्ये, आल्बर्ट नायसर या तरुण जर्मन डॉक्टराने परम्याचा जंतू शोधला होता. उपदंशाचा जंतू १९०५ मध्ये सापडला आणि १९०६ मध्ये ऑगस्ट फॉन वासरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तावरून उपदंश ओळखण्याची चाचणी सिद्ध केली. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या माणसातही हा रोग दडलेला असू शकतो, हे प्रथमच प्रयोगशाळेत दाखवता येऊ लागले. ही चाचणी किचकट होती, आणि हिवतापासारख्या अन्य आजारांतही ती कधी कधी फसत असे. पण अंदाजाची जागा परीक्षेने घेतली. १९१० मध्ये पॉल एर्लिश यांचे साल्व्हर्सान हे औषध आले आणि १९४३ पासून पेनिसिलिनने उपदंश खात्रीने बरा होऊ लागला. शास्त्र असे पुढे धावत असताना समाज मात्र या रोगांकडे पापाची शिक्षा म्हणूनच पाहत होता. पतीकडून रोग पदरी आलेली पत्नी आणि तिच्या पोटी रोगासह जन्मलेले मूल यांनी कोणते पाप केले होते, या प्रश्नाला त्या दृष्टीत उत्तर नव्हते.

कर्व्यांनी हा प्रश्न गणितज्ञाच्या शिस्तीने हाताळला. रोग जंतूंमुळे होतो, जंतूंना नीती-अनीती कळत नाही, म्हणून रोगाचा विचार आरोग्याच्या नियमांनीच केला पाहिजे, अशी त्यांची विचारसरणी होती. मुंबईत १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. ‘संततिनियमन’ या पुस्तकाच्या जोडीला त्यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हेही पुस्तक लिहिले. शरीरसंबंधातून नको असलेली संतती आणि रोग ही दोन संकटे उद्भवतात. दोन्ही ज्ञानाने टाळता येतात आणि हे ज्ञान दडवणे हाच खरा अपराध आहे, हा त्यांच्या लेखनाचा गाभा होता.

त्याची किंमत लगेचच द्यावी लागली. ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. मिशनरी मंडळींच्या त्या संस्थेला प्राध्यापकाने संततिनियमनाचा प्रचार करणे रुचले नाही. नोकरी की प्रचार, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा, १९२५ मध्ये, कर्व्यांनी राजीनामा दिला. स्थिर उत्पन्न गेले. पत्नी मालतीबाईंनी या ओढगस्तीच्या संसारात त्यांना साथ दिली. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी आपल्यापुरता अमलात आणला होता. जे लोकांना सांगायचे ते आधी स्वतः आचरायचे, हा त्या घराचा नियम होता.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले. लेखन, संपादन आणि व्यवस्था यांचा बहुतेक भार कर्वे एकटेच वाहत. वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकातून उत्तरे दिली जात. जे वडिलांना विचारता येत नाही, मित्राला विचारले तर चुकीचे कळते आणि डॉक्टरांपुढे उच्चारण्याची लाज वाटते, ते या मासिकाला विचारता येत असे. कर्व्यांची उत्तरे थोडक्यात आणि कोरडी असत. त्यांत उपदेश नसे. विचारणाऱ्याला अपराधी वाटावे असा सूरही नसे.

सनातनी मंडळींनी हे सहन केले नाही. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला भरला गेला. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. ज्या विषयाला हात लावल्याने प्रतिष्ठेला धक्का बसेल, तो विषय न्यायालयात मांडण्यास ते कचरले नाहीत. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड भरावा लागला. दंड भरून ते पुढचा अंक काढण्याच्या कामाला लागले. तोटा सोसत, सव्वीस वर्षे मासिक चालले.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले आणि त्या नोव्हेंबरच्या अंकानंतर ‘समाजस्वास्थ्य’ थांबले. आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, महर्षी कर्वे यांना वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले. पित्याला समाजाने उशिरा का होईना, डोक्यावर घेतले. पुत्राच्या वाट्याला ते आले नाही. २००१ मध्ये अमोल पालेकर यांच्या ‘ध्यासपर्व’ या चित्रपटाने त्यांचे आयुष्य नव्या पिढीपुढे आणले.

कर्व्यांचे काम मात्र अजून पुरे झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, परमा, उपदंश आणि ट्रायकोमोनिॲसिस या चार बऱ्या होऊ शकणाऱ्या रोगांची ३७ कोटींहून अधिक नवी लागण झाली. यांतले बरेच रोगी आपण रोगी आहोत हे जाणतच नाहीत. क्लॅमिडियात बहुतेक स्त्रियांना कोणताच त्रास जाणवत नाही, पण उपचाराविना तो गर्भनलिकांपर्यंत पोहोचून वंध्यत्व आणू शकतो. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही आणि आपोआप भरून येतो. रोग मात्र शरीरात राहतो. अशा वेळी रक्ताची वा लघवीची साधी तपासणी हाच निदानाचा भरवशाचा मार्ग असतो.

ती करून घेण्याची सोय आज आहे. सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते. २०१७ च्या कायद्याने या तपासणीसाठी संमती आवश्यक केली असून निष्कर्ष गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला वा विद्यार्थिनीला त्यासाठी आईवडिलांची परवानगी लागत नाही. संसर्ग झाल्यावर लगेच केलेली चाचणी फसवी ठरू शकते, म्हणून तिची योग्य वेळ समुपदेशकाकडून समजून घ्यावी लागते. रोग आढळला तर जोडीदाराचीही तपासणी व्हावी लागते. अन्यथा बरा झालेला रोग पुन्हा परततो.

तरीही वसतिगृहातला मुलगा किंवा मुलगी बाह्यरुग्ण विभागाच्या दारात घुटमळते. दारावरील पाटीवर अनेक ठिकाणी आजही ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ असे लिहिलेले असते. कोणी ओळखीचे पाहील ही धास्ती, डॉक्टर काय विचारतील ही भीती आणि मनात रुजलेली पापाची जाणीव यांमुळे पावले मागे वळतात. लपवलेला रोग आणखी कोणाला तरी होतो. औषधे बदलली, चाचण्या सोप्या झाल्या, ही लाज मात्र कर्व्यांच्या काळातलीच राहिली आहे. ती दूर करण्यासाठी एका प्राध्यापकाने आपली नोकरी, प्रतिष्ठा आणि आयुष्याची सव्वीस वर्षे खर्ची घातली. संकोच बाजूला सारून ते दार ओलांडणारा प्रत्येक तरुण, रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव त्याने ऐकलेले नसले तरी, त्यांचेच काम पुढे नेत असतो.