सावित्रीबाई फुले

खेड्यापाड्यांतून पुण्यास येणारे आमचे पुष्कळ वाचक स्वारगेट येथें एस. टी.तून उतरतात. तेथून थोड्या अंतरावर महात्मा फुले पेठ आहे. पूर्वीं तिला गंज पेठ म्हणत. त्या पेठेंत राहून ज्या बाईंनीं आपलें आयुष्य शिकविण्यांत वेंचिलें, त्यांचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत सांगतों.

सावित्रीबाईंचा जन्म ता. ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें झाला. १८४० सालीं जोतीराव फुले यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. जोतीराव पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. त्यांनींच पत्नीस घरीं लिहावयास व वाचावयास शिकविलें. अहमदनगर येथील मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून तसेंच कार्य पुण्यांत करावें असें जोतीरावांच्या मनानें घेतलें. १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली, व सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. पुढें महारमांगांच्या मुलांकरितांही शाळा निघाल्या.

त्या काळच्या अनेक पंतोजींची समजूत अशी कीं, विद्या ही ठराविक जातींची ठेव आहे. जो शिकणार नाहीं असें आधींच ठरलें, त्यास पंतोजी दूर बसवी. मग त्याचें चुकलेलें अक्षर हात धरून कोण गिरवून घेणार? सावित्रीबाईंचा विश्वास ह्याच्या उलट होता. निरक्षर बाई शिकूं शकते, हें त्यांनीं स्वतःच्याच ठायीं पाहिलें होतें. रस्त्यांत लोक शेण व चिखल फेंकीत. शाळेंत पोंहोंचून त्या लुगडें बदलीत आणि धडा सुरू करीत.

१८५५ सालीं ह्याचें फळ दिसलें. फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या मुलीनें महारमांगांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, व अमेरिकन मराठी मिशनच्या ज्ञानोदय पत्रानें तो छापला. केवळ कित्ता गिरविणाऱ्या मुलीच्या हातून असें लेखन होत नाहीं. तिच्या मनांत सांगण्याजोगें कांहीं आहे असें शिक्षकांनीं मानलें, म्हणूनच तिनें तें लिहिलें.

१८८२ सालीं जोतीरावांनीं हंटर आयोगास हेंच निवेदन केलें. शिक्षक तयार केलेले असावेत, नांगर धरण्यास लाजणारे नसावेत, गोरगरिबांत मिसळणारे असावेत, आणि मुलांस मोडी व बाळबोध दोन्ही यावें, असा त्यांचा आग्रह होता.

१८९७ सालीं पुण्यांत प्लेगची सांथ असतां सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्याच रोगानें ता. १० मार्च रोजीं त्यांचें निधन झालें.

आमच्या उपदेशक बंधूंपैकीं कित्येक जण गांवांत मुलांस व प्रौढांस वाचन शिकवितात. त्यांस आमची विनंती अशी कीं, शिकणाऱ्याविषयीं आपल्या मनांत काय आहे तें आधीं तपासावें. जो शिकणार नाहीं असें वाटतें, त्यासच पुढें बसवावें, आणि कित्ता झाल्यावर स्वतःच्या घरचें व शेताचें एक वाक्य त्याच्याकडून लिहवून घ्यावें.