राजर्षी शाहू आणि घरातली अस्पृश्यता

जून महिना आला की कोल्हापुरात २६ जूनची तयारी सुरू होते. दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घातले जातात, मिरवणुका निघतात. आपले कार्यकर्ते ५० टक्के आरक्षणावर, वसतिगृहांवर, माणगाव परिषदेवर तळमळीने बोलतात. ते बोललेच पाहिजे. परंतु याच राजाने २ ऑगस्ट १९१९ रोजी स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, याचा उल्लेख आपल्या व्यासपीठावरून क्वचितच होतो. का होत नसावा? आरक्षणाचा कायदा सरकारच्या दारात जाऊन मागता येतो. हा कायदा मात्र थेट आपल्याच घरात शिरतो.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तरुण राजाला वर्णव्यवस्थेचा चटका बसला तो १८९९ मध्ये, पंचगंगेच्या घाटावर. स्नानाच्या वेळी त्यांचा भटजी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणत होता, कारण त्याच्या लेखी छत्रपतीही शूद्रच होता. त्या पहाटे महाराजांवर कोणी हात उगारला नव्हता, शस्त्र उचलले नव्हते. फक्त मंत्र बदलला होता. पण तेवढ्याने राजाला त्याची पायरी दाखवली गेली. अपमान करायला हात लावावा लागत नाही, हे शाहूंना त्या घाटावर कळले.

आपल्याला हे वेगळे सांगायला नको. अस्पृश्यता म्हणजे तरी काय होते? मारहाण होत होतीच, पण या रूढीचा खरा घाव न शिवण्यात होता. वरून पाणी ओतणे, सावली टाळणे, नावाऐवजी जातीने हाक मारणे. अंगावर वळ उठत नव्हता, पण माणूस आतून मोडत होता. शाहू महाराजांनी हे ओळखले. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन, चारचौघांदेखत चहा घेतला. मार देणाऱ्यांना शिक्षा करून महाराज थांबले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण गेलेली इज्जत चारचौघांतच परत द्यावी लागते, हे त्यांना ठाऊक होते.

हीच नजर त्यांनी घराकडे वळवली. १२ जून १९१८ रोजी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. मागे राहिल्या सूनबाई इंदुमतीदेवी, वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येई, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणी तिला मारत नसे. पण तिला पांढऱ्या पायाची ठरवले जाई, शुभकार्यात तिचे तोंड पाहिले जात नसे, कोपऱ्यातली एक खोली तिला जन्मभर पुरे. पोटचा मुलगा गेल्याचे दुःख गिळून महाराजांनी सूनबाईंना सोनतळीला ठेवून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा त्यांनी १९१७ मध्येच केला होता. प्रजेला सांगितलेले त्यांनी वाड्यात करून दाखवले.

आणि पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, क्रूर वागणुकीविरुद्धचा तो कायदा आला. दोषी ठरणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कैद आणि २०० रुपयांपर्यंत दंड. वकील म्हणून मला यातला एक शब्द महत्त्वाचा वाटतो, क्रूरपणा. मारहाण हा फौजदारी कायद्याने गुन्हा होताच. तरीही घरातल्या स्त्रीसाठी वेगळा कायदा करावासा वाटला, कारण घराच्या उंबऱ्याआत चालणाऱ्या छळाला कोणी गुन्हा म्हणत नव्हते. नवऱ्याचा तो हक्कच, अशी समजूत होती. ती समजूत राजाने कायद्याने मोडली. १९२० मध्ये मार्चच्या २१ व २२ तारखेला माणगावला महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व समाजापुढे ठेवले, आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या ४८ व्या वर्षापूर्वीच, ते गेले.

साऱ्या देशाला त्या वाटेवर यायला फार वेळ लागला. छळाला शिक्षा देणारे कलम ४९८-अ १९८३ मध्ये आले, आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ व ८६ म्हणून आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तर शाब्दिक व भावनिक छळाला स्पष्ट हिंसा म्हटले. अपमान, टोमणे, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे, जवळच्या माणसाला इजा करण्याची धमकी वारंवार देणे, हे सारे त्यात येते. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे.

तरीही माझ्याकडे येणारी भगिनी बहुधा सुरुवात एकाच गोष्टीने करते. ती सांगते की नवरा मारत नाही. मग हळूहळू बाकीचे बाहेर येते. महिना-महिना अबोला. पाहुण्यांसमोर अक्कल काढणे. माहेरच्या गरिबीवरून बोलणे. फोन तपासणे. पगार काढून घेणे. तिलाही वाटते की वळ नाही, म्हणजे गुन्हा नाही. आणि दुःख याचे, की यातले काही नवरे मोर्च्यात पुढे असतात, त्यांच्या भिंतीवर शाहू-फुले-आंबेडकर असतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी न शिवण्याचा घाव सोसला, त्यांनी आपल्याच घरात बायकोला अस्पृश्य करावे? मनुवाद फक्त गावाच्या वेशीवर नसतो, तो स्वयंपाकघरातही राहतो.

अशा भगिनींनी वळ उठण्याची वाट पाहू नये. जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. न्यायालय संरक्षणाचा व राहत्या घराचा आदेश देऊ शकते. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिला बाहेर काढता येत नाही. पण कायदा शेवटी येतो. त्याआधी वस्तीतल्या विहाराने यायला हवे. आपण दर वंदनेला पंचशील घेतो. तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे, कठोर वाणी टाळणे हा तिचाच भाग आहे. ती सभेतल्या भाषणापुरती नाही, घरातल्या बोलण्यासाठीही आहे.

यंदाच्या जयंतीला प्रत्येक विहारात १९१९ च्या या कायद्यावर एक तास चर्चा ठेवावी, आणि त्यात आधी महिलांनी बोलावे, पुरुषांनी ऐकावे. महाराजांनी गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा घेतला, तो त्यांची इज्जत चारचौघांत परत देण्यासाठी. आपल्या घरातल्या बाईची इज्जत आपणच काढली असेल, तर ती परत देण्याची जबाबदारीही आपलीच आहे.