लकोटांचे गुरुजी ल्यूथर स्टँडिंग बेअर

आमच्या वर्गात जगाचा नकाशा आहे. त्यात अमेरिकेतले साऊथ डकोटा नावाचे राज्य गुरुजींनी बोट ठेवून दाखवले. तिथे गवताची खूप मोठी माळराने आहेत. तिथे लकोटा नावाचे लोक राहतात. जुन्या पुस्तकांत त्यांना रेड इंडियन लिहिलेलं असतं, पण ते स्वतःला लकोटा म्हणतात. त्यांच्यातल्या एका थोर माणसाची माहिती मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म १८६८ साली झाला. लहानपणी त्यांचे नाव ओटा क्टे होते. त्याचा अर्थ पुष्कळांना मारणारा. हे ऐकून आमचा वर्ग हसला. पण त्याने कुणालाच मारलं नव्हतं! त्याचे वडील लढाईत शूर होते, म्हणून मुलाला ते नाव ठेवले. वडिलांचे नाव स्टँडिंग बेअर, म्हणजे उभे राहिलेले अस्वल.

तेव्हा माळावर बायसन असत. बायसन म्हणजे गव्यासारखा मोठा, केसाळ प्राणी. लकोटा लोक त्याचे मांस खात आणि कातड्याचे तंबू करीत. ओटा क्टे लहान असतानाच घोड्यावर बसून मोठ्यांबरोबर शिकारीला गेला. त्याने एक बायसन मारला, पण त्याला पाच बाण लागले. बाण उपसताना त्याच्या मनात आलं, एकच बाण ठेवावा नि एकाच बाणात मारला असं सांगावं. बघायला कोण होतं तिथं? पण त्याने वडिलांना खरं ते सांगितलं. ती त्याची पहिली आणि शेवटची शिकार. गोऱ्या लोकांनी बंदुकांनी इतके बायसन मारले की माळ रिकामा झाला.

१८७९ साली सरकारने लकोटांची मुले शिकवायला लांब पेनसिल्व्हेनिया राज्यात नेली. गावाचे नाव कार्लाइल. ओटा क्टे तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला वाटलं, हे लोक आपल्याला मारून टाकणार. तरीपण तो गेला. वडिलांना आपण शूर आहोत हे दाखवायचं होतं. मुलं पहिल्यांदाच आगगाडीत बसली. रात्री पोहोचली तर तिथे खाटा नव्हत्या, खायलाही काही नव्हतं. सगळी जमिनीवर झोपली.

मग एक दिवस वर्गात फळ्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. मुलांना वाटलं नुसत्या रेघोट्या आहेत. ती इंग्रजी नावे होती. बाईंनी ओटा क्टेच्या हातात छडी दिली आणि खूण केली. शत्रूला काठी टेकवावी तशी त्याने एका नावाला छडी टेकवली. ते नाव ल्यूथर. बाईंनी ते पांढऱ्या फितीवर लिहिलं आणि त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवलं. सगळ्या मुलांच्या पाठीवर अशी नावे. आपलं नाव आपल्यालाच दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं! वडिलांचे नाव त्याचे आडनाव झाले.

मुलांचे लांब केस कापले. लकोटा भाषा बोलायला बंदी केली. बोलताना सापडलं तर शिक्षा. घरची आठवण, निराळं अन्न आणि आजार, यांनी पुष्कळ मुले तिथेच मेली. त्या शाळेच्या दफनभूमीत १८० पेक्षा जास्त थडगी होती.

एकदा ल्यूथरचे वडील त्याला भेटायला आले. आमच्याकडे आज पालक आले आहेत तसे. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. मग बोलणार कसं? ल्यूथर आधी मोठ्या साहेबांकडे गेला आणि वडिलांशी आपल्या भाषेत बोलू का म्हणून विचारलं. साहेब हो म्हणाले, तेव्हा तो बोलला. मला हे वाचताना कसंतरी झालं. बापाशी बोलायला कुणी परवानगी मागतं का?

वडिलांनी मात्र त्याला शिकायला सांगितलं. तो शिकला. पत्र्याची भांडी करायला शिकला. ते काम गावी उपयोगी पडले नाही, कारण पत्र्याची भांडी सरकारच तिकडे पाठवत असे. पण वाजवायला शिकला ते त्याला फार आवडलं. बोस्टनच्या एका बाईंनी शाळेला पितळी वाद्ये दिली. ल्यूथर कॉर्नेट वाजवू लागला. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये पितळी वाद्य तोंडाने फुंकून वाजवतात ना, तसंच ते. २४ मे १८८३ रोजी न्यूयॉर्कचा मोठा ब्रुकलिन पूल सुरू झाला. तेव्हा कार्लाइलच्या मुलांचा बँड वाजवत पुलावरून गेला. बँडच्या पुढे आपण होतो, असे त्यांनी अभिमानाने लिहून ठेवले आहे.

मग ते घरी रोजबडला आले आणि शाळेत शिकवू लागले. हा भाग मला सगळ्यात आवडतो. दुसऱ्या शिक्षकांची मुलं इंग्रजी धडा घडाघडा वाचत, पण अर्थ विचारला तर गप्प. पोपटासारखं. स्टँडिंग बेअर गुरुजी आपल्या मुलांना धडा वाचून तो लकोटा भाषेत सांगायला लावत. मग सगळ्या शिक्षकांपुढे परीक्षा झाली, तर यांच्याच मुलांना अर्थ सांगता आला. मी पण घरी इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचला तेव्हा आजी म्हणाली, म्हणजे काय रे बाबा? मला सांगता आलं नाही. आता मी आधी आजीला आपल्या बोलीत सांगतो, मग वाचतो. तिला हसू येतं, पण ती ऐकते.

१८९० च्या डिसेंबरात वूंडेड नी या ठिकाणी सैन्याने लकोटांची बायका-मुलेसुद्धा मारली. स्टँडिंग बेअर यांना फार दुःख झाले. पुढे ते पाइन रिजला राहिले. तिथे शिकवलं, कारकुनी केली, दुकान घातलं आणि गुरे-घोडे पाळले. त्याला तिकडे रँच म्हणतात. बायसन संपले होते, म्हणून आता गुरे. बफेलो बिलच्या खेळाबरोबर ते इंग्लंडला गेले आणि राजा सातवा एडवर्ड याच्यापुढे नाचले. १९०४ साली शिकागोजवळ आगगाडीला अपघात झाला, त्यात फार जखमी झाले, पण वाचले. पुढे ते टोळीचे प्रमुख झाले. १९१२ साली कॅलिफोर्नियाला जाऊन सिनेमात कामे करू लागले.

म्हातारपणी त्यांनी चार पुस्तके लिहिली. पहिले १९२८ साली निघाले. लकोटा मुलांना लकोटा शिक्षकांनी शिकवावे, आपली भाषा आणि आपला इतिहास त्यांना शाळेत मिळावा, असे त्यांनी लिहिले. ज्या भाषेला शाळेत शिक्षा होती तिच्यातल्या गोष्टी त्यांनी इंग्रजीत लिहून सगळ्यांना सांगितल्या. २० फेब्रुवारी १९३९ रोजी ते वारले.

कार्लाइलची शाळा १९१८ सालीच बंद झाली होती. पण तिथे मेलेली मुलं तिथेच राहिली होती. २०२१ साली रोजबडच्या नऊ मुलांच्या अस्थी त्यांच्या लोकांनी गाड्यांतून घरी आणल्या. रस्त्यात ठिकठिकाणी लोक त्यांना बघायला उभे होते.