न पाहिलेले पोलाद

बँकेत असताना माझ्या टेबलावर मयत खातेदारांची प्रकरणे येत. मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, हमीपत्र. मग खातेवहीत शेवटची नोंद आणि खाते बंद. अशी कितीतरी खाती मी स्वतःच्या सहीने बंद केली. त्या सवयीमुळेच असेल, पण मोठ्या माणसाचे चरित्र हाती आले की मी आधी शेवटची पाने उघडतो. माणूस गेला त्या दिवशी शिल्लक काय होती, ते पाहतो. जमशेटजी टाटांच्या बाबतीत मात्र हा हिशेब जुळत नाही. त्यांच्या खात्यावरच्या सर्वांत मोठ्या रकमा जमा झाल्या त्या मृत्यूनंतर.

19 मे 1904 रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम या गावी ते वारले. वय 65. नवसारीच्या पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात जन्मलेल्या या माणसाने 1868 साली 21,000 रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली होती. 1877 च्या पहिल्या दिवशी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तिथे सूत कातायची नवी यंत्रे आणली आणि कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधीही सुरू केला. मुंबईचे ताजमहाल हॉटेल उघडून जेमतेम पाच महिने झाले होते. एवढी कमाई कुणालाही पुरली असती. परंतु त्यांच्या मनातली तीन मोठी कामे तेव्हा कागदावरच होती: पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था आणि पाण्यावरची वीज.

पोलादाचा ध्यास त्यांना लागला तो आपल्या चांदा जिल्ह्यामुळे. तिथल्या लोहखनिजावरचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल 1882 मध्ये त्यांच्या वाचनात आला. पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना आणि बेत वीस वर्षे रखडला. साठी उलटल्यावर ते अमेरिकेला गेले, कारखाने पाहिले, तज्ज्ञ गाठले. त्याच सुमारास मुलाला, दोराबजींना, पत्र लिहून कारखान्याभोवती गाव कसे वसवायचे ते कळवले. रस्ते रुंद असावेत, सावलीची झाडे लावावीत, खेळायला मैदाने असावीत, सगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा राखावी. कारखान्याची जागादेखील तेव्हा ठरली नव्हती!

भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचे मयूरभंजच्या खनिजाविषयीचे पत्र आले तेव्हा जमशेटजींच्या हाती अवघे तीन महिने उरले होते. पुढचे सगळे दोराबजी, चुलतभाऊ आर. डी. टाटा आणि बरजोरजी पादशहा यांनी निभावले. 1907 मध्ये भांडवल उभारायचे ठरले. लंडनच्या बाजाराने हात आखडता घेतला, तेव्हा स्वदेशीच्या त्या दिवसांत सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत पैसे भरले. फेब्रुवारी 1912 मध्ये साकचीला पहिले पोलाद तयार झाले. 1919 मध्ये त्या गावाचे जमशेदपूर झाले.

पण बँकवाल्याला थबकवणारी नोंद 1924 सालची आहे. महायुद्धानंतर परदेशी स्वस्त पोलादाने बाजार भरला आणि कारखान्यात पगारालाही पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता, पत्नी मेहेरबाईंच्या प्रसिद्ध ज्युबिली हिऱ्यासकट, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपये उचलले. कर्जाची प्रकरणे मी पुष्कळ तपासली आहेत. धंदा अडचणीत आला की घरातले दागिने आधी बायकोच्या माहेरी जातात, हा माझा अनुभव. इथे उलटे घडले. बापाचे स्वप्न मुलाने वारशात घेतले होते आणि त्याची किंमतही चुकवायची तयारी ठेवली होती.

विज्ञानसंस्थेसाठी जमशेटजींनी 1898 मध्ये तीस लाखांची मालमत्ता देऊ केली. सरकारी कागद फिरत राहिले. अखेर म्हैसूर संस्थानाने 371 एकर जमीन दिली, 1909 मध्ये संस्थेला मान्यता मिळाली आणि 1911 मध्ये बंगळूरला विद्यार्थी आले. त्या संस्थेला त्यांनी आपले नावसुद्धा लावून घेतले नव्हते. पुढे रामन तिचे संचालक झाले. भाभांनी तिथे काम केले.

तिसरे स्वप्न आपल्या दाराशी आहे. सह्याद्रीवर पडणारा पाऊस लोणावळ्याच्या तलावांत अडवून तो घाटाखाली खोपोलीला सोडायचा. 1915 मध्ये त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. धुराऐवजी वीज, ही केवढी दूरदृष्टी!

मात्र हिशेब लिहायचा तर दोन्ही बाजूंनी लिहावा. याच विजेच्या विस्तारासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार हे उघड झाले. 1921 पासून सेनापती बापटांसारख्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगले. 1924 च्या अखेरीस लढा संपला. धरण झाले, गावे बुडाली. जमशेटजी तेव्हा हयात नव्हते. त्यांना दोष देणे योग्य नाही. पण वारसा म्हटला की येणे घ्यायचे आणि देणे विसरायचे, असे बँकेत चालत नाही. इतिहासातही चालू नये.

मध्यंतरी नातवाला घेऊन खोपोलीला गेलो होतो. डोंगरावरून उतरणारे ते जाड नळ पाहून त्याने विचारले, हे कुणी केले? मी जमशेटजींची गोष्ट सांगितली. पुढच्या सुट्टीत त्याला मुळशीला न्यायचे ठरवले आहे. उरलेली गोष्ट तिथे, पाण्याच्या काठावर बसून सांगेन.